मंग गुरुजी धावते काऊन?

चंद्रपूर,
१७ सप्टेंबर १९८४

ती. लहानूभाऊस,
सत्यशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी इथे ठीक आहे. धानोऱ्याकडच्या रस्त्यांचे नकाशे सध्या कार्यालयात मीच काढते आहे, म्हणून आधी तेच विचारते. रंभावहिनी लिहिते की महिनाभर तू रोज पहाटे धावतोस. सदतिसाव्या वर्षी, शाळेचा मास्तर! तलावापर्यंत जातो, असं तू तिला सांगितलंस. पण तुझे कॅनव्हासचे बूट लाल मातीने भरलेले असतात, हेही तीच लिहिते. तलावाची वाट काळ्या मातीची आहे. लाल मुरूम फक्त जंगलाच्या रस्त्यावर पडला आहे, आणि तो रस्ता नाल्यापाशी संपतो. पलीकडे नकाशावर एकही गाव नाही.

तिथे तू कोणाला भेटतोस?

जंगलात हल्ली बंदूकवाले उतरतात, हे इथेही सगळ्यांना माहीत आहे. कोणाची चिठ्ठी, कोणाचं औषध नेत असशील तर आजच थांब. तुला नाही म्हणता येत नाही. शेजारणीच्या कोंबड्यासुद्धा बाजारात तूच पोचवायचास.

माया आहेच, उत्तर मात्र खरं यावं.
तुझी,
सत्यशीला

*

मु. धानोऱ्याजवळ,
२३ सप्टेंबर १९८४

चि. सत्यशीलास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तलावाचं खोटं बोललो, हे खरं. तुझी वहिनी अस्वलांना घाबरते, म्हणून.

ऑगस्टमध्ये रेडिओवर ऐकलं. लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये पोर्तुगालच्या एका माणसाने मॅरेथॉन जिंकली. ऑलिम्पिकमध्ये इतक्या वेगाने ती आजवर कोणी धावलं नव्हतं. त्याचं वय सदतीस. मी त्याच वयात आरामखुर्ची घेण्याच्या विचारात होतो. दुसऱ्या दिवशी उठलो आणि धावलो. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही आणि एवढं कोणाला पुरत नाही. गावचा लालसू भर पारावर विचारतो, मागं वाघ नाई, पुढं बाजार नाई, मंग गुरुजी धावते काऊन?

ठाणेदारांनी दोनदा बोलावलं. कोणी सरकारी नोकर लेखी हमी देत असेल तर ठीक, नाहीतर अहवाल वर जाईल, म्हणाले. अहवाल वर गेला की माझी शाळा सुटली समज. धावणं सोडलं तर म्हणतील, ज्याला भेटायचं त्याला भेटून झालं. मी तुझं नाव दिलं. दुसऱ्याच दिवशी तुझं पत्र आलं. तुझा प्रश्न ठाणेदारांनीही याच शब्दांत विचारला होता.

नाल्यापाशी मी उलटा फिरतो, कारण पुढे गेलो तर शाळेची घंटा चुकते. तुला खात्री नसेल तर सही करू नकोस. तुझीही नोकरी आहे.

राग नाही. तब्येत सांभाळ.
तुझा भाऊ,
लहानू

*

२७ सप्टेंबर १९८४

सत्यशीलाबाईस,
रंभाचा जयभीम.

बाई, संशयाचा किडा मीच तुमच्याकडं पाठवला, आता तो मलेच चावून राह्यला. मले वाटलं, कोणी बाई असन. शर्ट हुंगून पाहिला, नुसता घाम. आता रोज ठाण्यातला लटारू शिपाई सायकलवर यांच्या मागं असते. मुरमात सायकल रुतते, मंग हातात धरून आणते, आमच्या ओट्यावर पाणी पिते अन् म्हणते, वहिनी, गुरुजीले जरा हळू पळाले सांगा, माह्या नोकरीचा सवाल आहे! नाल्यावर कोणी दिसलं का, इचारलं. तर म्हणे, मी पोचतो तवा गुरुजी वापस येत असते.

म्हणजे पाहिलं कोणीच नाई. मीबी नाई. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाले काय समजवू? पोरं मास्तरांच्या पगारावर जेवतात, एवढंच लिहितो.

तुमची,
रंभा

*

चंद्रपूर,
५ ऑक्टोबर १९८४

ती. भाऊस,
सप्रेम जयभीम.

काल साध्या कपड्यातला एक हवालदार कार्यालयात आला. भाऊ का धावतो, असं त्याने साहेबांसमोरच विचारलं. मी ऑलिम्पिकचं सांगितलं. त्याने त्या पोर्तुगीज माणसाचं नाव, गाव आणि तुझी त्याची ओळख कशी, हेही विचारलं. साहेब हसले. मी हसले नाही.

हमीचा मजकूर मलाच लिहायचा होता. साहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, बाई, जागा न बघता तुम्ही नकाशावर सही करता का? मी नाही म्हणाले. मग इथेही करू नका, म्हणाले. सल्ला योग्य होता. मोजणीत एक आकडा खोटा निघाला की आम्ही सगळी मोजणी पुन्हा करतो, आणि तू तलावाचं खोटं बोलला आहेस. अस्वलाचं कारण मला अजून पुरेसं वाटत नाही. हवालदार चहा संपेपर्यंत थांबला, तेवढा वेळ मी विचार केला.

माझा भाऊ नाल्यापाशी कोणालाही भेटत नाही, असं लिहून खाली पूर्ण नाव आणि हुद्दा घातला.

तो नाला मी पाहिलेला नाही आणि बघायला येणारही नाही. आता ते वाक्य माझ्या सहीचं आहे, भाऊ. ते खरं ठेव.

वहिनीला जयभीम, पोरांना गोड पापा.
तुझीच,
सत्यशीला