डावा की उजवा

प्रिय रुआन,

आईने पेरूची वडी केली आणि तुझ्या वाटणीची निम्मी मी खाल्ली, हे आधीच कबूल करतो. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून या वेळी कागदावर लिहितोय.

पंचवीस तारखेला तुमच्या फुटबॉल क्लबात यंत्राच्या खुर्चीत बसवून गुडघ्यांची ताकद मोजणार म्हणे. त्या खुर्चीची माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. माझा डावा गुडघा बरा झाला होता, म्हणजे मी तसं सांगत फिरत होतो. तुझी आई आपारेसिदा मातेला मेणाचा पाय वाहायचा नवस बोलून बसली होती. माझा करार संपत आला होता आणि दोन पायांत फार फरक निघाला, तर नवा मिळणार नव्हता.

त्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधतात, पाय यंत्राला अडकवतात आणि सांगतात, जोरात सरळ कर, जोरात मागे ओढ. मी काय केलं? डाव्याने जेवढा जमला, तेवढाच जोर उजव्यानेही लावला. चेहरा मात्र असा केला की जीव चाललाय. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश, की संध्याकाळी अख्ख्या संघाला बिअर पाजली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर इवोनीबाईंनी भिंतीवर कागद लावले. वर आम्ही थोरले, खाली सतरा वर्षांखालची पोरं. थोरल्यांची ताकद पोरांपेक्षा बरीच जास्त, आणि माझा आकडा पोरांच्यात, तोही शेवटून तिसरा. बाई म्हणाल्या, "वाल्मिर, दोन्ही पाय अगदी सारखे आहेत. फक्त तुझे नाहीत. कुणाचे उचलून आणलेस?" आमचा गोलकीपर हसून हसून जमिनीवर लोळला. महिनाभर सगळे मला विचारायचे, "बाळा, दूध प्यालास का?"

बाईंनी दार लावून मला पुन्हा बसवलं. या वेळी खरा जोर लावला. डाव्या मांडीची मागची बाजू उजवीच्या निम्मीच भरली. मी रडलो, सांगायला लाज वाटत नाही. तीन महिने बाहेर बसलो, करार गेलाच असं धरून चाललो. पण क्लबाने सहा महिन्यांचा दिला आणि पुढे मी चार वर्षं खेळलो. लपवून उतरला असतास तर पहिल्याच सामन्यात गुडघा गेला असता, असं बाई अजून ऐकवतात.

आता मुद्द्याचं. तुझ्या घरमालकीण झिल्दाबाईंचा फोन आला होता. तू जिना आडवा उतरतोस म्हणे, कठडा धरून, आणि कुणी विचारलं की शिट्टी वाजवायला लागतोस. पोरा, मीही शिट्टीच वाजवायचो. त्या खुर्चीत दोन्ही पायांनी जीव तोडून जोर लाव, कागदावर काय यायचं ते येऊ दे. आदल्या दिवशीच्या बसने मी येतोय, उरलेली वडी घेऊन. आई मेणवाल्याकडे जायला पिशवी घेऊन दारात उभी आहे, पण तिचं एकाच गोष्टीवाचून अडलंय. तेवढं मात्र तिला खरं कळव. डावा, की उजवा?

तुझाच लबाड बाप,
वाल्मिर