मोरीला काटा नसतो

अनगोळ, बेळगाव
११ फेब्रुवारी १९८४

आक्कानं माशाचा घास तोंडातून परत बोटांवर घेतला. चिमटीत काटा होता, केसाएवढा. तिनं काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. समोर तानुबाई बसलेली. आक्कानं काटा ताटाखाली सरकवला आणि पुढचा घास घेतला. मामा, मोरीला काटा नसतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

(पत्र असं सुरू करायचं नसतं, पण आधी नमस्कार लिहिला असता तर पुढचं लिहायचा धीर झाला नसता.) तीर्थरूप भावकूमामांना कल्याणीचा साष्टांग नमस्कार. मामींची कंबर कशी आहे? तुमच्या मासळीच्या ट्रकचा ब्रेक दुरुस्त झाला का? (आई दोन्हींची चौकशी एकाच सुरात करते.) इकडं आक्का आणि तिची मुलगी खुशाल आहेत. मुलगी तीन आठवड्यांची झाली. नाक तुमच्यावर गेलं आहे. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुम्ही वेंगुर्ल्याहून बाळंतिणीसाठी बर्फात घालून आणलेली आणि मासळी बाजारातल्या जयाबाईच्या गाळ्यावर ठेवलेली मोरी आमच्या घरी पोचलीच नाही. आईनं तुम्हाला आभाराचं कार्ड टाकलं आहे. आभार खरे आहेत, मोरी खोटी. कारण लांबून सुरू होतं. नोव्हेंबरात कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्हाला मोरी फाडायला दिली. (मोरी म्हणजे शार्कच, लहान जातीची. पुस्तकातलं तिचं नाव इतकं लांब आहे की ते पाठ होईपर्यंत तिला फॉर्मॅलिनमध्ये ठेवावं लागतं.) माझ्या मोरीच्या पोटात पिल्लं निघाली. पाच. बोटाएवढी, डोळे असलेली, आणि प्रत्येकाला नाळ. मी म्हटलं, सर, ह्यांना नाळ आहे. सर म्हणाले, असते; बाकीचे मासे लाखांनी अंडी टाकतात, ही मोजकीच पिल्लं पोटात वाढवते, म्हणून मारत गेलं की लवकर संपते; आकृती काढा. मी आकृती काढली. घरी आले तर आक्का दारात पाय पसरून चिंचा खात होती. तिला सातवा महिना होता. मी त्या दिवशी जेवले नाही. आईला वाटलं, औषधाचा वास डोक्यात गेला.

मग आम्ही मोरी-रक्षण मंडळ काढलं. सभासद तीन. अध्यक्ष गंगव्वा, कारण मोरी न खाण्याची शपथ तिनं सगळ्यात जोरात घेतली. (ती लिंगायत आहे. तिच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा शिजवलेला नाही.) तिसरा मायाप्पा, तो चहासाठी येतो. आम्ही ‘पोटुशी मोरी विकू नका, पिल्लं विकू नका’ असे कागद लिहून कॅम्पातल्या मासळी बाजारात वाटले. जयाबाईनं दहा मागून घेतले. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यातच तिनं बांगडे बांधून दिले. “समुद्र कवा बघितलीस व्हय गं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. “मग त्याची काळजी तुला कशाला? घरात पानी भर जा.”

इथवर शपथ सोपी होती. आक्का बाळंत झाली आणि दूध पुरेना. बाळ रडायचं, ते बघून आक्का रडायची, मग आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायची, घासलेलीच. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तानुबाई येते. तिनं निकाल दिला, “मोरी घाल. मोरीबिगर पान्हा फुटायचा न्हाय.” आईनं तुम्हाला निरोप धाडला आणि मोरी आणायला मला पाठवलं. जयाबाई म्हणाली, साफ करून देऊ? मी नको म्हणायच्या आत तिनं सुरी चालवली. पोटात चार होती, मामा. जयाबाईनंही सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, “घे की. लेकराच्या तोंडाकडं बघ.” मी बघत होते. कुठल्या लेकराच्या, ते मला कळत नव्हतं. मी मोरी तिथंच ठेवली आणि बदल्यात बांगडे आणले. (मोरी वाचली असं नाही. मी पिशवीची गाठ मारेपर्यंत ती दुसऱ्या बाईच्या पिशवीत गेली होती.) स्वयंपाकघरात कुणी नसताना बांगडे उकडले, काटे काढले, कुस्करून खोबऱ्याच्या मसाल्यात घातले आणि मोरी म्हणून वाढले. एक काटा राहिला.

आक्का त्या दिवशी पोटभर जेवली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. जेवून झोपली, उठून परत जेवली. तिसऱ्या दिवशी बाळ दूध पिता पिता झोपलं. बांगड्यानं की झोपेनं, मला माहीत नाही. तानुबाईला माहीत होतं. तिनं अनगोळभर सांगितलं की भावकूच्या मोरीनं पान्हा फुटला. आता आमच्या आळीतल्या दोन पोटुश्या बायका, एक बाळंतीण आणि एक सासू (तिला कशाला हवी, विचारायची सोय नाही) मोरी मागवणार आहेत. मंडळानं तीन महिन्यांत एक मोरी वाचवली नाही आणि मी एका दुपारीत चार मारल्या. गंगव्वा म्हणते, अध्यक्ष म्हणून ती माझा राजीनामा घेईल. मायाप्पा म्हणतो, चहा चालू ठेवा.

आईला ह्यातलं काही सांगू नका. मामींना नमस्कार.

तुमची
कल्याणी

ता. क. जयाबाईकडून चार मोऱ्यांची चिठ्ठी येईल. बांगडे द्या आणि मोरी गावली नाही म्हणा. खोटं तुमच्या तोंडी घालते आहे. आधीचं माझंच फार झालं आहे.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र ह्यासाठी लिहायला घेतलं होतं. जाळं ओढतात तेव्हा तुम्ही ट्रक घेऊन किनाऱ्यावर असता. पिल्लं आणि पोटुशी मोरी जिवंत असेल तर परत सोडा म्हणून सांगाल का? तुमचं ऐकतील. मे महिन्यात मला घेऊन जा. सोडलेली एक तरी जाताना बघायची आहे. समुद्रही.

शेवटचं ता. क. काल पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून हे सकाळी लिहिते. तानुबाई बाळाला न्हाऊ घालत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “ताट कोन उचलतंय गं, तू का मी? काटा तवाच गावला.” मग बोलली का नाहीस, असं विचारलं. “आक्का जेवत हुती न्हवं.” मग आळीत मोरीचं नाव कशाला सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली, चाळीस वर्षं मोरी सांगत आलीया, आता बांगडा सांगू व्हय? तिनं बाळाला पुसून आक्काच्या मांडीवर दिलं आणि न्हाणीघराच्या दारातून शेजारणीला हाक मारली. “अगं ए, मोरी न्हाय गावली तर बांगडा बी चालतोय. काटं तेवढं नीट काढ.”