निपाणीची हॉकी टीम

६ नोव्हेंबर १९३७
वखारीतून सुटून मैदानावर. आज पहिल्यांदा अकरा गडी भरले. ड्रिल मास्तर कॅप्टन. स्टिका सुतारानं करून दिल्या, दोन वाकड्या निघाल्या. गोलात मी. दुसरं कुणी उभं राहायला तयार नाही. ही वारल्यापासून मला घरी लवकर परतायचं काही कारणही नाही.

२१ नोव्हें.
नवा गडी, शिवराम. खडकलाटचा. आमच्याच वखारीत तंबाखूची मोठाली पोती, बोद, पाठीवर वाहतो. अनवाणी पळतो, चेंडू काठीला चिकटल्यागत. मास्तर बघतच राहिले.
खेळ संपल्यावर माझ्याशेजारी भाकरी सोडली. सोबत कांदा. मी जैन, जरा लांब सरकलो. मग परत शेजारी बसलो.

१५ जाने. १९३९
बेळगावला, कॅम्पातल्या पलटणीशी सामना. २–१. जिंकलो! दोन्ही गोल शि.चे. माझा गुडघा फुटला. त्यांच्या साहेबानं शि.ला बाजूला घेऊन पाठ थोपटली. येताना मोटारीत सगळे गात होते. निपाणीत लोक हार घेऊन उभे.
घरी आलो. सांगणार कुणाला? म्हणून इथं लिहितो.

१९ जाने.
साहेबाचा निरोप आला. शि.नं पलटणीत भरती व्हावं, तिकडच्या टीमला तो हवाय. दुपारी वखारीमागं आला.
"अण्णा, जाऊ का नगं? तुमी म्हनशिला तसं."
थांब म्हटलं असतं तर थांबला असता. पण ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे मलाच कळेना. म्हटलं, "तुझं तू बघ रं."
मान हलवून गेला.

३ फेब्रु.
शि. गेला. त्याच्या आईला, सगळे तिला आक्का म्हणतात, मोटारीपर्यंत घेऊन गेलतो.

२० जून १९४०
लढाईमुळं आणखी तिघे भरती झाले. मास्तरांची बदली धारवाडला. सात उरलो. बेळगावच्या सामन्याला नकार कळवला.

१२ डिसें.
मैदानावर मी एकटाच. थोडा वेळ गोलात उभा राहिलो. वाटेनं जाणाऱ्या एकानं विचारलं, कुणाची वाट बघताय?

२ मार्च १९४१
रविवार खडकलाटला. शि.चं पत्र आक्काला वाचून दाखवलं. जहाजानं पूर्वेला निघालेत. तिनं दोनदा वाचायला लावलं. जेवूनच पाठवलं, माझ्यासाठी कांदा न घालता आमटी केलती.

१८ एप्रिल १९४२
वखारीच्या पत्त्यावर तार. शि. बेपत्ता.
सायकलनं खडकलाट. आक्का शेणी थापत होती. अर्थ सांगितला: सापडला नाही. हात तसेच शेणानं भरलेले. मग म्हणाली, "सापडला न्हाय म्हंजी हाय की कुठंतरी."
मी व्हय म्हटलं.
पत्र लिहा म्हणाली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. म्हैस व्याली. चुलत्याचं पोरगं शाळेत जातंय. शेवटी म्हणाली, तुमीबी कायतरी लिवा.
लिहिलं, आता परत ये.
पाकिटावर पलटणीचा जुनाच पत्ता घातला. येताना टपालात टाकलं.