स्टेअरिंगमधला ‘सा’

तीर्थस्वरूप सावित्रीकाकीस,

देवबागेहून सर्वेशचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? ठाण्याला शर्मिलाताईच्या सोसायटीची लिफ्ट सुरू झाली का? नसेल तर पत्र खालच्या बाकावर बसूनच वाच, दम लागलेल्या माणसाने वाचण्यासारखं ते नाही. इकडे आम्ही सगळे (म्हणजे मी आणि तुझी शेवग्याची झाडं) खुशाल. फोनवर तू मधेच ओरडली असतीस, म्हणून लिहितोय.

घर राखायला देताना तू दोन गोष्टी बजावल्या होत्यास. शिवाकाकांच्या जुन्या गाडीला हात लावायचा नाही, आणि शेजारच्या कार्मेलिनाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. काकी, मी हात लावला, आणि मग पाय ठेवावाच लागला.

झालं असं, की काका गेल्यापासून पाच वर्षं उभ्या असलेल्या त्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला. थेंब स्टेअरिंगच्या खालच्या डब्यातून येत होता. मी तेव्हा मोकळाच होतो (पर्यटकांना समुद्राखाली नेण्याची नोकरी सोडली, दिवसभर अनोळखी माणसांचे हात धरून मासे दाखवायचे, मासेसुद्धा कंटाळले होते). मोबाइलवर अडीच मिनिटांचा व्हिडिओ बघितला, तो दुसऱ्याच गाडीचा होता हे नंतर कळलं. हॉर्नचं बटण काढलं, मधला नट सोडवला, चाक ओढलं, ते एकदम हातात आलं आणि मी चाकासकट मागच्या सीटवर. मग खालचा डबा सोडवून अंगणात उघडला आणि आतल्या बेअरिंगच्या गोळ्या वाळूत गेल्या. देवबागेची वाळू तुला ठाऊक आहे, घेतलेलं परत देत नाही.

म्हणून शेजारच्या अंगणात जाऊन बोलावून आणला तो कार्मेलिनाचा नवरा मॅन्युएल. जन्मभर होड्यांची आणि गाड्यांची इंजिनं उघडलेला माणूस. त्याने जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि वाळूवरून असं फिरवलं, की एकेक गोळी टुणकन वर. मग सगळं डिझेलमध्ये धुतलं, आणि काकी, मी तिथेच उकिडवा बसलो. आत वीतभर लांबीचा, पीळ घातलेला एक दांडा असतो. वरून चाक गरगर फिरवलं की पुढची चाकं वळवणारा खालचा लोखंडी हात सावकाश, इंचभर हलतो. बस, एवढंच. मालवणच्या बाजारातली गर्दी, धामापूरची वळणं, शर्मिलाताईच्या वेळी तुला दवाखान्यात नेलेली ती रात्र, काकांनी जिथे जिथे गाडी वळवली ते सगळं त्या वीतभर पिळातून गेलंय. आणि तो आरशासारखा लखलखत होता. मी नोकऱ्या सहा सोडल्या, पण इतका वेळ एका वस्तूकडे कधी बघितलं नव्हतं.

तेल अडवणारं सील दांड्याच्या तोंडाशी असतं. मी स्क्रूड्रायव्हर घातला. “हात काढ आधी,” मॅन्युएल म्हणाला, “ता आपसूक येतला.” तोवर त्याचे दोन तुकडे झाले होते. रबर नव्हतंच ते. चामड्याचं कडं होतं, हाताने कापलेलं. पुसलं तर कडेला तापल्या तारेने डागलेलं अक्षर. ‘सा’.

देवळाबाहेर बदलू नयेत म्हणून चपलांवर ‘सा’ कोण डागायचं, काकी?

मॅन्युएलने हाक मारली, “कार्मेलिना, भायर ये गो!” तिने तुकडा उजेडात धरला आणि पायरीवर बसलीच. चाळीस वर्षांपूर्वी धामापूरच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तुझी डावी कोल्हापुरी नाहीशी झाली. तू विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणालीस, यांच्या जॉलीने खाल्ली. ती म्हणाली, “आमचो जॉली बांगडे खाता, चपलां नाय.” त्यानंतर तुम्ही एकमेकींशी बोलला नाहीत. आणि काका त्या कुत्र्याला तो मरेपर्यंत रोज एक बांगडा कुंपणावरून टाकत राहिले. आम्ही समजायचो, भूतदया! कार्मेलिना आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “शिवा रे शिवा, इतको भियालो बायलेक!” मॅन्युएल मात्र टोपी काढून कड्याकडे बघत होता. “चाळीस वर्सां ह्याच सील,” तो म्हणाला. “गाडी उभी रवली, म्हणान सुकला.”

रबराची दोन सीलं बसवून झाली. दांडा तोंडाशी झिजलाय, सकाळपर्यंत थेंब येतोच. बाजारातलं चामडं पत्र्यासारखं. मॅन्युएल म्हणतो, बाभळीच्या सालीत कमावलेलं जुनंच हवं. एकाच कामावर मी एकोणीस दिवस टिकलोय, हे शर्मिलाताईला जरूर सांग, तिला खरं वाटणार नाही.

तुझा,
सर्वेश

ता. क. उजवी चप्पल तू पुरावा म्हणून जपलीयस, ठाण्याला जातानाही वर्तमानपत्रात गुंडाळून नेलीस. ती हवी आहे. दोन कडी निघतील, असं मॅन्युएलने मोजलंय.

ता. क. २. मी पार्सल म्हणालो, पण कार्मेलिना म्हणते, “सावित्रीक सांग, पार्सल नको. आपणच घेवन ये. जॉलीक फणसाखाली पुरलेलो आसा, थंय उभी रव आणि काय ता बोल.” बांगड्याचं तिखलं करणार आहे. कुडाळ स्टेशनवर मी घ्यायला आलो असतो, पण स्टेअरिंग परातीत आहे. रिक्षा कर.

ता. क. ३. चप्पल पत्र्याच्या डब्यात घालून आण आणि त्यांच्या अंगणात डबा हातातून सोडू नकोस. जॉलीचा पणतू चपला खातो. परवा माझी डावी गेली. (मी विहिरीवर काही बोललो नाही.)