बोल्टवर कोरलेलं नाव

३ मार्च
आले बाई एकदाची! ऑर्विलच्या नेमबाजीच्या रेंजवर आजपासून बंदुका दुरुस्त करणार मी. ऑर्विल म्हणाला, बाईमाणसाला स्प्रिंग दाबायला जमेल का? त्याच्या नाकासमोर दाबून बसवली, तेव्हा वर्कशॉपच्या किल्ल्या हातात ठेवल्या. दुपारी काउंटरवरच्या डार्लीनने चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचा गोड रोल खायला घातला. नेब्रास्कात नोकरी करावी तर अशी.

६ मार्च
गिऱ्हाइकांना भाड्याने द्यायच्या कार्बाइन्स, म्हणजे आखूड रायफली, पिस्तुलाच्या गोळ्या खातात. यांचा बोल्ट, नळीमागे सरकणारा पोलादी ठोकळा, कशात अडकलेला नसतो, त्याला थोपवतं ते नुसतं त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग. म्हणून दर गोळीला आदळआपट. स्प्रिंग ढिली पडते, रिकामं काडतूस ओढून काढणारी आकडी झिजते. पण ती करडी कार्बाइन! भाड्याने सगळ्यात जास्त तीच जाते, तरी आकडीची धार कोरी करकरीत. असलं पोलाद जन्मात पाहिलं नव्हतं.

जो बोल्ट उघडेल त्याने आत नाव कोरायचं आणि गोळ्यांचं पहिलं मॅगझीनही त्यानेच झाडायचं, अशी इथली रीत. उद्या बिघडलं तर कान कुणाचा धरायचा ते कळतं. माझ्याआधीचा कारागीर क्लेटन. डार्लीन म्हणाली, तो आजारी पडून बहिणीकडे गेलाय. त्याच्या नावाखाली मी ‘वर्ना’ कोरलं आणि मॅगझीन झाडलं. लोण्यासारखी चालते.

११ मार्च, शनिवार
गुडघे ठणकताहेत, जबडाही. बाहेर करडी सुरू झाली की प्रत्येक बार माझ्या हाडांत बसतो. बाकीच्या कार्बाइन्सचं काही नाही. ऑर्विल म्हणाला, म्हातारी झालीस, कॉफी घे. हसले, तर दाढेचा तुकडाच हातात आला.
बोल्ट उघडून पाहिला. ओरखडाही नाही.

१३ मार्च
नाव घासून काढायला कानस लावली. माझ्या मनगटाची साल निघाली. बोल्टवरचं अक्षर जसंच्या तसं.
मला भीती वाटतेय.

१५ मार्च
क्लेटनला भेटून आले. तिशीचा पोरगा, हाडांचा सापळा. मला बघून रडायलाच लागला. म्हणाला, वर्ना, माफ कर गं. तुझं नाव पडल्यापासून मी चमचा धरू शकतो. खाली दुसरं नाव पडल्याशिवाय सुटका नाही, म्हणाला. कार्बाइन लपव, जाळ, काहीही कर, झिजायचं तुलाच.

१७ मार्च
ऑर्विलपुढे गयावया केली, उद्याच्या सामन्यात करडी देऊ नकोस. त्याला वाटतं माझं डोकं फिरलंय. म्हणे, विश्रांती घे, सोमवारी नवीन कारागीर येतोय. लग्न ठरलंय त्याचं, पगाराची गरज आहे.
त्याला सांगायलाच हवं. दारातच अडवीन.

१८ मार्च
सुरू झालं — खांदा —
रांग लागलीय करडीसाठी. हसताहेत सगळे — डार्लीनला हाका मारल्या, कानावर आवाज अडवणारे मफ्स आहेत तिच्या —
बोटं पेन धरत नाहीत —
देवा, सोमवार —
नाही सांगणार त्याला. काहीच नाही सांगणार. बोल्ट त्याच्या हातात देईन, म्हणेन, कोर बाबा, इथली रीत आहे, इथे, माझ्या नावाच्या खा