रिस्ट्रेंट म्हणजे काय

मंगळवार, ११ तारीख, दुपार

ती. दादास,

नमस्कार. तू खुशाल असशील, वहिनीचा गुडघा बरा असेल, असं धरून चालते. आई गेल्या बुधवारी घरी आली. खुब्याचे टाके सुकताहेत, भूक बेताची आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. पत्राला मधे तोडता येत नाही.

आईच्या मनगटांवरचे वळ अजून गेलेले नाहीत. गेल्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, तेव्हा मी सलाइनचे म्हणून सांगितलं. सलाइनचे नाहीत ते. पट्ट्यांचे आहेत.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिला भ्रम झाला, हे तुला माहीत आहे. नळ्या ओढत होती, मलाच ‘बाई, तुम्ही कोण’ म्हणून विचारत होती. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी एक इंग्रजी कागद पुढे केला आणि सही मागितली. मी लॉंड्रीत इस्त्रीवर उभी राहणारी बाई. मला इंग्रजीत पाटी वाचता येते, कागद नाही. कागदावर एकच शब्द मोठ्या अक्षरांत होता. फोटो काढून तुला पाठवला आणि लगेच फोन लावला. तुझं उत्तर मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

“अगं, रिस्ट्रेंट म्हणजे सुरक्षेचा पट्टा. गाडीत लावतो ना, तसा. पडू नये म्हणून. कर सही.”

केली. खालून औषधं घेऊन वर आले, तर आईचे दोन्ही हात खाटेच्या कठड्यांना बांधलेले. जाड कापडी पट्टे, गाठ पार खाटेखाली, तिला पोचू नये अशी. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेली बाई आपली. त्या हातांनी लोकांचे कपडे शिवून तुला कॉलेजात घातलं, मला नाही घालता आलं. ती ओरडत नव्हती. नुसती बोटं हलत होती, कापडाची कड चाचपडावी तशी.

त्या रात्री घरी येऊन कपाटातली तुझी जुनी डिक्शनरी काढली. बंधन. अटकाव. जखडून ठेवणे. शेवटी आणखी एक अर्थ दिलाय, संयम. तो या पत्रात सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वयस्क नर्सबाईंनी मला तो कागद ओळन्‌ओळ मराठीत सांगितला. तिसरी ओळ अशी होती, की घरचं कोणी खाटेजवळ बसणार नसेल तरच पट्टे बांधायचे. बसणार असेल तर नाही. ती ओळ वाचलीच नाही म्हणून सांगू नकोस. वाण्याच्या पाटीवरची वेलांटी चुकली तर तू रस्त्यात थांबतोस. वाचलीस, आणि तुला कळलं की ही ओळ सांगितली तर मी म्हणेन, ये, पाळीपाळीने बसू. चार तासांची बस आणि तुझे ते तपासायचे पेपर. त्यापेक्षा गाडीचा पट्टा सोपा. मुलांना शिकवतोस ना, शब्द कुठे वापरला ते बघून अर्थ लावायचा म्हणून? मग हा शब्द आपल्या आईसाठी वापरला होता, दादा. एवढं बघायचं होतंस.

इथवर एका दमात लिहिलं. पुढचं लिहायचं की नाही, यात चहा गार झाला.

त्या नर्सबाईंनी मला विचारलं होतं, बसताय का, मग सोडते. मी हो म्हटलं. त्यांनी पट्टे सोडले. नऊ वाजल्यापासून मी बसले. आई नळी धरायची, मी हात धरायची. तिने मला ओरबाडलं, चोर म्हणाली, माझ्या तोंडावर थुंकली. चार दिवस माझी पाठ टेकली नव्हती. दीडच्या सुमाराला मी स्वतः उठून नर्सबाईंकडे गेले.

“बांधा,” म्हटलं.

कोणी सही मागितली नाही, कोणी अर्थ चुकीचा सांगितला नाही. साधा मराठी शब्द होता, मला चांगला कळत होता. मग खाली बाकावर जाऊन संध्याकाळपर्यंत मेल्यासारखी झोपले. पुढचे दोन दिवसही तेच केलं.

आईचं डोकं ताळ्यावर आलं, ती घरी आली, आणि परवा रविवारी तिने विचारलं, “माझे हात कोणी बांधायला लावले?” मी फट्‌दिशी म्हणाले, दादाने. तेव्हापासून ती तुझा फोन घेत नाही. झोपली आहे, असं मी तुला सांगते. जागी असते.

आज सकाळी तिला सगळं खरं सांगितलं. तुझं आणि माझंही. तिचे हात थरथरतात, म्हणून मीच चहा पाजत होते. तिने कप माझ्या हातातून ओढून घेतला. अर्धा चादरीवर सांडला.

“माझी मी पिईन,” म्हणाली.

उरलेला चहा संपवून एवढंच बोलली, “त्याला म्हणावं, पट्टा कसला होता ते इथे येऊन सांग.”

तेव्हा ये. माझ्या वाटणीचं मी कबूल केलं म्हणून तुझ्या वाटणीचं हलकं झालेलं नाही. मला अजून इतका राग आहे, की तू समोर असतास तर हे मी इतकं सरळ बोलू शकले नसते. फळं आणू नकोस, वहिनीला पुढे करू नकोस. शनिवारी तीनपर्यंत मी कामावर आहे. दार आईच उघडेल. वॉकर धरून चालते, तिला वेळ लागतो. बेल एकदाच वाजव आणि उभा राहा.

तुझ्याच रक्ताची,
धाकटी