ओरिनचं माप

लुईसटाउन, मोंटाना
१२ डिसेंबर १९९४

प्रिय हॅल्वर,

तुझं कार्ड मिळालं. आम्ही ठीक आहोत. बर्फ कुंपणाच्या निम्म्यावर आलंय, पंप दोनदा गोठला. तुझ्या मार्लिसचा गुडघा आता बरा असेल.

तू लिहिलंस, दादा आता काही काडतुसं भरणार नाही, तर बंदुकीची दारू मोजायचं ते माप मी घेऊन जातो, पडून गंजण्यापेक्षा घरातच राहील. चार ओळींचं कार्ड, आणि त्यात भावाच्या डोळ्याची चौकशी नाही. म्हणून मीच सांगते. उजव्या डोळ्यानं त्याला खिडकी कुठे आहे ते कळतं. खिडकीबाहेरचं काही दिसत नाही.

कॅफेत तू काय सांगतोस तेही पोचलं. ओरिन म्हातारा झाला, हात चळतो, दारू जास्त पडली, म्हणून शिकारीत बार काढताना काडतुसाचं बूड फुटून जाळ तोंडावर आला. मी कधीचा सांगत होतो, असंही म्हणतोस म्हणे. कधी सांगत होतास? मी याच घरात असते.

त्याचा हात चळत नाही. मापाच्या वरची दारूची नळी तो कधी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. मापाची दांडी वर नेताना जेवढा जोर, खाली आणतानाही तेवढाच. अधूनमधून एक माप दारू वजनकाट्यावर घालून बघतो. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही. तू बोलतोस.

शिकारीच्या आदल्या दुपारी तू तुझी रिकामी काडतुसं घासायला आणलीस. घासायचं ते थरथरणारं भांडं आमच्याकडे जमिनीवर, जुन्या टायरवर असतं. जमीन ओली होती म्हणून तू ते उचलून त्याच्याच टेबलावर, दारूच्या मापाशेजारी ठेवलंस आणि चालू केलंस. ओरिनचं कानातलं यंत्र खिशात होतं, आणि बोटांची टोकं तर हिमानं कधीच मेलेली. त्याला कळलं नाही. तो काट्याकडे वळला तेव्हा तू त्याच्या कानाशी ओरडलास, "सोनं तोलतोस का, दादा? आजवर कधी चुकलंय तुझं माप? आवर, उजेड चाललाय." तो हसला आणि त्यानं काटा झाकून ठेवला. मी कॉफी घेऊन दारात उभी होते.

डबा हलला की पीठ दबून बसतं आणि त्याच वाटीत जास्त मावतं. दारूचं वेगळं नाही. रविवारी तो झोपला असताना मी खाली त्या टेबलापाशी गेले. टेबल स्थिर होतं तोवर मापं काट्यावर सारखी उतरली. भांडं चालू केलं, आणि मापं चढत गेली.

त्याला सांगितलं. त्यानं ते आधीच ओळखलं होतं, इस्पितळात पडल्या पडल्या. म्हणाला, "दांडी माझ्या हातात होती, सिग्ने. बघायचं काम माझं. हॅल्वरला यातलं काही कळवायचं नाही. त्याला ते पेलणार नाही." माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला.

तुला पेलणार नाही म्हणे. तो काय पेलतोय ते बघ. अख्खं खोरं ज्याची काडतुसं डोळे मिटून बंदुकीत घालायचं, त्याच्याकडून आता कोणी काही नेत नाही. परवा शेजारचा एमिल आला आणि यंदा नेलेली काडतुसं मान खाली घालून परत ठेवून गेला. ओरिननं त्याला कॉफी दिली, हवेच्या गोष्टी केल्या. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. त्याच्या घरी माणसं आहेत."

आणि तरी तो तुझं नाव घेत नाही.

दिलेला शब्द मी मोडलाय. हे पत्र टाकून आले की त्याला तसं सांगेन. सामान न्यायला येऊ नकोस. आधी कॅफेत जा, सकाळी, सगळे जमलेले असताना, आणि त्या टेबलावर तू काय ठेवलं होतंस ते सांग. मग इकडे ये. तू नाही सांगितलंस तर मी जाऊन सांगेन, तू तिथे बसलेला असताना.

तू दहा वर्षांचा होतास तेव्हापासून तुझं ताट वाढत आलेली,
तुझी वहिनी
सिग्ने